बकुळीची छाटणी

नागपूर, ४ मार्च

चि. सुदर्शन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पूर्णिमा आणि बाळ खुशाल. लेकीचं बाळंतपण उरकून एप्रिलअखेर परतेन. रडण्यात बाळ थेट मामाआजोबांवर गेलंय. नवी गाडी घेतलीस, छान केलंस. ठेवणार कुठे, ते मात्र लिहिलं नाहीस.

एक काम आहे. माझ्या अंगणातल्या बकुळीच्या फांद्या वरच्या खिडक्यांना टेकतात म्हणून सोसायटी झाड तोडायलाच टपली आहे. पावसाळ्याआधी नीट छाटून दाखवलं तर वाचेल. ह्यांनी हौसेने लावलेलं, पण फूल बघायच्या आधीच गेले. माळ्याच्या कोयत्यावर माझा भरवसा नाही. बुधवार पेठेत झाडांच्या छाटणीवर चांगलं पुस्तक मिळालं तर पाठव.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू सहज थापा मारतोस, कागदावर तुला लहानपणापासून जमत नाही.

भाग्यश्रीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढव.
तुझी द्वारकाताई

विश्रांतवाडी, पुणे, २१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

अप्पा बळवंत चौक पालथा घातला. छाटणी म्हटलं की सगळे द्राक्षाचीच पुस्तकं काढतात. एक विलायती मिळालं, त्यात बर्फात उभी सफरचंदाची झाडं. आमच्याकडे बर्फ पडत नाही म्हटलं, तर दुकानदार म्हणाले, मग उन्हाळ्यात बघत बसा, गार वाटेल. शेवटी जुन्या पुस्तकांच्या दुकानात मोठ्या झाडांवरचं हे सापडलं. सोबत पाठवतोय.

आणि ताई, बकुळ फुलली! फुलं पाकिटात घातली आहेत. परतायची घाई करू नकोस, झाडाकडे मी बघतोय.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा सुदर्शन

नागपूर, ३० मार्च

चि. सुदर्शन यास अनेक आशीर्वाद.

पाकीट उघडलं आणि खोलीभर वास. फुलं ह्यांच्या फोटोपुढे ठेवली आणि मोठ्याने सांगितलं, अहो, तुमची बकुळ फुलली. मग खूप रडले.

पुस्तक फार चांगलं आहे. फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा राखून कापायची, म्हणजे झाडाची जखम आपली आपण भरते. पण आता बहर आहे, मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस.

माझा सगळा लोभ तुला.
तुझी ताई

विश्रांतवाडी, तळमजला, २ मे

चि. सुदर्शन,

एकाच जिन्यावर राहून पत्र लिहितेय, कारण समोर आलास तर तोंडून काय जाईल याचा नेम नाही.

बकुळीच्या जागी तुझी गाडी उभी आहे. रंग छान आहे. ताईची हरकत नाही, असं सोसायटीला तूच सांगितलंस म्हणे, तेही माझं पहिलं पत्र आल्या आल्या. म्हणजे पुस्तक शोधत हिंडलास तेव्हा झाड नव्हतंच. परक्याने तोडलं असतं तर भांडले असते. इथे कुंपणानेच शेत खाल्लं. फुलांचं भाग्यश्रीला विचारलं. दगडूशेठसमोरच्या फुलवालीकडची, एवढं सांगून ती आत गेली.

पुस्तक परत करतेय. निवडलंस मात्र उत्तम.

ती फुलं बरोबर आणली, अजून फोटोपुढेच आहेत. ह्यांना आता काय सांगू, तेवढं लिहून कळव. कागदावरही तुला जमतं आता.

लोभाचं लिहायला हात होत नाही.
द्वारका