बाबांना विचारलं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, सिडकोतल्या आपल्या घरातला ओटासुद्धा बदलला. पण रविवारी मटकीची उसळ उकळायला लागली की मी अजून तुझ्याच जागेवरून, खिडकीला पाठ करून, बाबांना हाक मारते. पहिली वाटी त्यांची असायची. "तिखट झालंय का?" तू विचारायचीस आणि कपाळाचा घाम पुसत ते म्हणायचे, "छे!"

गेल्या आठवड्यात ते आयसीयूत होते. फुप्फुसं पार थकलीत. व्हेंटिलेटर लावायचा का ते संध्याकाळपर्यंत सांगा, डॉक्टर म्हणाले. दादा पुण्याहून आला होता. "सगळं करायचं," तो म्हणाला, "उद्या मनाला लागून राहायला नको." मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. दवाखान्याच्या जिन्यात बसून आम्ही लहानपणीसारखे भांडलो, मग दोघंही रडलो.

तिथेच तू आठवलीस. मी लहान आहे, देवळ्याहून आजीला दवाखान्यात आणलंय. ऑपरेशन करावं की गावी परत न्यावं, म्हणून काकामंडळी व्हरांड्यात वाद घालतायत, आणि तू मऊ भाताचा डबा घेऊन येतेस. "भाऊजी, सासूबाईंना विचारलं का कुणी?" तू आत जाऊन भरवता भरवता विचारतेस, आणि आजी म्हणते, "करा ना मंग. मला लय जगायचंय अजून." पुढे कितीतरी उन्हाळे ती गच्चीवर कुरडया राखत बसली, कावळ्यांना शिव्या देत.

मी आत गेले. दादाही आला. "बाबा, श्वासासाठी घशात नळी घालायची म्हणतात. घालू द्यायची?"

त्यांनी मास्क जरा बाजूला केला. "त्यानं बरा होईन?"

"कठीण आहे म्हणतात."

"मग नको. घरी ने मला."

दादानं त्यांचे पाय धरले. उलट तेच त्याला समजावत राहिले, "अरे, तुझं काही चुकत नाहीये."

आता ते घरी आहेत, ऑक्सिजनवर. दादा रजा टाकून राहिलाय, रोज त्यांची दाढी करून देतो. आज दुपारी माझा हात धरून त्यांनी विचारलं, "मी घरी आलोय, हे तुझ्या आईला कळवलंस का?"

मी हो म्हटलं.

हे कुठे पाठवता येणार नाही, ठाऊक आहे मला. पण तेव्हा कळवलं नव्हतं, आई. आत्ता कळवतेय.