एक धड बाकी

३ तारीख, सोमवार

लागली एकदाची नोकरी! ताईनं वरची खोली रिकामी करून दिलीय. पलंग, टेबल, खिडकी, सगळं ऐसपैस. भावोजी इथल्या कत्तलखान्यात सुरेवाल्यांचे मुकादम. त्यांच्या शब्दाखातर मला संगणकाच्या खोलीत घेतलं. माझ्या आधीचा माणूस न सांगताच निघून गेला म्हणे. त्याचं तो जाणे, मला तर लॉटरी लागली.

काम मजेचं आहे. इथं कापलेल्या प्रत्येक जनावराची नोंद ब्लॉकचेनवर चढते: कुठल्या ट्रकनं आलं, किती वजन भरलं, कुठल्या हुकाला लटकलं. माल घेणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर तीच साखळी जशीच्या तशी असते, त्यामुळे एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला खोडता येत नाही. अशा यंत्राला नोड म्हणतात. आमचा नोड आता माझ्या ताब्यात. फाटकावर कंपनीनं मोठ्या दिमाखात रंगवून घेतलंय की आमच्या साखळीत आजवर एकही दुरुस्ती नाही.

५ तारीख, बुधवार

आज कापायची जागा पाहिली. भावोजींनी एका घावात गळा उघडला आणि रक्त माझ्या बुटांवर आलं. उलटं टांगलेलं जनावर त्यानंतरही पाय झाडत होतं. मला भडाभडा उलटी झाली. सगळे खो खो हसले. भावोजी म्हणाले, आठवड्याभरात सवय होईल. बाहेर पडताना काटेवाल्यानं थट्टेनं मलाच मालाच्या काट्यावर उभं केलं. चौसष्ट किलो दोनशे ग्रॅम भरलो.

६ तारीख, गुरुवार

शुद्ध गाढवपणा केला. एक खोटी नोंद सरावाच्या नोडवर टाकून बघायची होती. संगणकावर कमांड द्यायच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, आणि कमांड दिली ती खऱ्या नोडच्या खिडकीत. वजनाच्या जागी पटकन सुचलं ते माझंच. आता साखळीत एक न कापलेलं धड आहे: चौसष्ट दोनशे, स्थिती ‘बाकी’.

आमच्या नोडवरच्या टेबलातून, म्हणजे नोंदींच्या तक्त्यातून, ती ओळ उडवली. दुसऱ्या नोडांशी मेळ बसला आणि ओळ परत आली. पुन्हा उडवली, पुन्हा आली. भावोजींना सांगितलं, तर त्यांनी आधी वजन विचारून घेतलं. मग म्हणाले, घाबरू नकोस, महिनाअखेरीला त्या नोंदीचा हूक भरलेला दिसला की झालं. पण ट्रकनं आलेल्या प्रत्येक जनावराची स्वतःची नोंद आधीच झालेली असते. मग हे जास्तीचं धड आणणार कुठून?

रात्री ताईनं आग्रह करकरून वाढलं.

१० तारीख, सोमवार

आज हुकांचं टेबल ट्रकांच्या टेबलाशी जोडून पाहिलं. कमांड साधी: जे कुठल्याच ट्रकनं आलं नाही पण हुकाला लटकलं, तेवढंच दाखव. वाटलं होतं काहीच येणार नाही.

तीन ओळी आल्या. सगळ्या ‘भरलेल्या’. शेवटची एकाहत्तर किलोची.

काटेवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, तुझ्या आधीचा चांगला अंगानं भरलेला होता, बरोब्बर एकाहत्तर, मीच तोलला. आणि डबा उघडून जेवायला बसला. बाकी दोघांचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

११ तारीख

जेवण बंद. वजनच जुळलं नाही तर मी त्यांच्या काय कामाचा? ताईला सांगितलं पोट बिघडलंय. ती माझ्या ताटाकडे बघत राहिली.

१५ तारीख

सकाळी बॅग घेऊन निघालो. कोपऱ्यावर भावोजी आणि दोन सुरेवाले उभेच होते. केस धरून फरफटत आणलं. मी एकाच्या मनगटाला चावलो, कातडी तोंडात आली. त्यांनी माझी डाव्या हाताची बोटं फाटकाच्या फटीत धरून फाटक लोटलं. दोन बोटं मोडली. तिसरं नुसतं कातड्यावर—

ताईनं पट्टी बांधली. तिच्या पाया पडलो. ती रडत होती, पण सगळं सांगितलं तिनं. हूक रिकामा राहिला तर मुकादमाला त्यावर जावं लागतं. चौसष्ट दोनशेच्या मापात बसेल एवढा कापून. भाऊ तिला आणखी दोन आहेत म्हणाली. नवरा एकच.

मग भरवायला बसली.

१९ तारीख

कोंडलंय. ते दोघं सुरेवाले धरतात, भावोजी नाक दाबतात, ताई घास कोंबते. ओकलो तर तेच परत— एक दात पडला. भावोजींनी तो उचलून डबीत ठेवला. म्हणाले, वजनात धरावा लागेल.

२६

काटा त्रेसष्ट दाखवतो. रोज तोलतात. ताई पाठीवरून हात फिरवते, मला ते आवडतं, शरम वाटते पण आवडतं

शेवटचा दिवस

तोलायची खोली. कपडे काढून घेतले. वही राहू दिली, वजनाआधी खाली ठेव म्हणाले. पलीकडे सुरा घासतायत.

चारशे ग्रॅम कमी भरलो! मी हसलोच. देवा, कमी—

भावोजींनी पाण्याचा तांब्या दिला. सगळा पी म्हणाले.

दारामागून ताई सांगतेय, दमानं पी म्हणावं त्याला, लहानपणापासून ठसका लागतो, आणि मी पितो