थंडी संपली, रोपं बाहेर काढा

९ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
रिटायर होऊन सात आठवडे झाले. कंटाळा अजिबात नाही. काल स्वयंपाकघरातले सगळे डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. हिला मीठ सापडेना. ही म्हणाली, रोज नऊ ते बारा कुठंही जा, पण जा. लायब्ररीमागच्या मोकळ्या जागेत लोक मिळून भाजीची बाग करतात, तिथे स्वयंसेवक हवेत म्हणे. त्यांची गरज ओळखून नाव दिलं.

१० फेब्रुवारी
बाग चालवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांनी झाडांचा अनुभव विचारला. म्हटलं, एकतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळलाय. त्यांनी हातात खुरपं दिलं आणि तण काढायला सांगितलं. अर्ध्या तासात अख्खा वाफा साफ! ते तण नव्हतं, गाजरं होती. लहानपणी सगळे सारखेच दिसतात. पाट्या लावा, असं सुचवलं.

१३ फेब्रुवारी
बढती. गेटजवळच्या फळ्यावर दर आठवड्याला हंगामाची कामं लिहितात. ते वाचून आसपासची चाळीस घरं आपापले वाफे नि कुंड्या बघतात. माझं अक्षर चांगलं, म्हणून हे खातं माझ्याकडे. सिस्टर म्हणाल्या, निदान तेवढा वेळ खुरपं तरी हातात नसेल. विनोदी आहेत.
आजचा मजकूर त्यांचा: टोमॅटो-मिरचीची रोपं घरातच ठेवा, रात्रीचा गारठा आहे, घाई नको. 'घाई नको'खाली दोनदा रेघ मारायला लावली. असल्या धोरणांमुळेच कामं रखडतात.

१९ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या टेलरशी ओळख झाली. बागेत त्याचा एक वाफा आहे. त्याच्या आईने वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं टोमॅटोचं बी ती गेल्यावर पुडीत पडून होतं. यंदा त्याने सगळं पेरलं. सहाच रोपं उगवली. दुकानाच्या खिडकीत, मशीनशेजारी ठेवलीत. मला विचारलं, साहेब, बाहेर कधी लावू?
साहेब म्हणाला! किती दिवसांनी ऐकला हा शब्द. म्हटलं, फळ्यावर लक्ष ठेवा.

२४ फेब्रुवारी, दुपारी २
सिस्टर चार दिवस बहिणीकडे गेल्या. जाताना बजावलं, फळ्याला हात लावू नका. पण ऊन काय सुरेख पडलंय! दोन दिवस स्वेटर घातलेला नाही. कुणीतरी जबाबदारी घ्यायला नको का? ही म्हणाली, फोन करून विचारा तरी. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

दुपारी ४
लिहून आलो. 'थंडी संपली. रोपं बाहेर काढा.' अक्षर अप्रतिम आलंय. पाच जणांनी थांबून वाचलं. टेलर तर दुकानातून धावतच आला.

२६ फेब्रुवारी, सकाळी ६
खिडकीच्या काचेवर पांढरं काहीतरी. धूळ असावी.

सकाळी ९.३०
धूळ नव्हे, गोठलेलं दव.
सगळ्या वाफ्यांतली रोपं काळी पडून आडवी झालीत, उकडलेल्या पाल्यासारखी. हवामानाने ऐनवेळी दगा दिला. रेडिओवर आधी सांगितलं होतं म्हणे. रेडिओ हल्ली कोण ऐकतं?
टेलर वाफ्यापाशी उकिडवा बसला होता. म्हटलं, फार वाईट झालं. तो म्हणाला, फळ्यावर लिहिलं होतं ना, साहेब. रागावला असता तर उत्तर तयार होतं माझ्याकडे. पुडीत काही उरलंय का, विचारलं. पुडी रिकामी आहे, म्हणाला.
फळा पुसून आलो.

२७ फेब्रुवारी
बागेत गेलो नाही. चारदा गेटपर्यंत जाऊन परत आलो. हिने विचारलं, झालंय काय? काही नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं. वाटलं, आता ऐकवेल. तर म्हणाली, मग इथे मला काय सांगताय?

२८ फेब्रुवारी
सिस्टर परत आल्या. सगळे वाफे फिरून बघितले. खडूचा डबा तेवढा पर्समध्ये टाकला.
कबुली वगैरे भावनिक प्रकार कशाला? योजना तयार आहे. नर्सरीतून टोमॅटोची सहा रोपं आणली. उद्या सकाळी लवकर जाऊन टेलरच्या वाफ्यात लावणार. त्याला वाटेल, आईची रोपं मुळातून पुन्हा फुटली. नर्सरीवाला हे घ्या, ते घ्या करत होता. म्हटलं, तू राहू दे, मी नजरेनं ओळखतो.

१ मार्च, सकाळी ६.४०
लावली. एका रांगेत, टेप लावून. काम फत्ते.

दुपारी १२.१५
टेलर आला. वाकून बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, साहेब, ही वांगी आहेत.
'टोमॅटोचीच एक जात' असं सांगायला तोंड उघडलं. बाहेर भलतंच आलं. म्हणालो, फळा मी लिहिला होता. सिस्टर नको म्हणाल्या होत्या, तरी लिहिला.
तो म्हणाला, ठाऊक आहे. एवढं सुंदर अक्षर इथे दुसऱ्या कुणाचं आहे?
मग दुकानात गेला. वाटलं, संपलं. पण अस्तराचं उरलेलं कापड घेऊन आला. म्हणाला, वांग्यांनाही थंडी वाजते, धरा ते टोक. धरलं. काड्या रोवून त्याने तंबू केला. मी काही सुचवलं नाही.
शेवटी झारी माझ्या हातात दिली. म्हणाला, हळू घाला, मी थांबा म्हटलं की थांबायचं.
घातलं. तो थांबा म्हणाला.
दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा थांबलो.