दिवेलागणीचा लाल आकडा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार घालायला खाली वाकले तर उठवायला दुसरं माणूस लागेल (दिवसभर खुर्चीत बसून कंबरेचा पार खुळखुळा झालाय), तेव्हा हा बसल्या जागेवरूनच गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? डाव्या डोळ्यातलं पाणी थांबलं का? बाबा म्हणतात, तू फोनवर "मजेत" म्हणालीस की समजावं, काहीतरी दुखतंय. तेव्हा खरं काय ते लिही. मी मजेत आहे.

तू निवृत्त झालीस त्याच आठवड्यात ऑफिसातली तुझी खिडकीजवळची जागा मी बळकावली, आणि तिथेच घात झाला. संध्याकाळी समोरच्या उतारावरचे दिवे एकेक करून लागू लागले की माझे हात कीबोर्डवरच राहतात आणि मी कुठच्या कुठे जाते. वाटतं, हे दिवे कोणी लावत नाही, त्यांना आपापली वेळ आठवते, आधी खालच्याला, मग वळणावरच्याला, मग डुलक्या घेणाऱ्या त्या शेवटच्याला. (मग भानावर येते. अगं, ते तर तू लिहिलेल्या संगणकाच्या कोडमुळे लागतात, गावातले सगळेच!) हां, तर मुद्द्यावर येते. तुझा तो दिवेलागणीचा कोड काढून टाकायचा घाट घातलाय, आणि कोडवर ही पाळी ज्या सुपीक डोक्यामुळे आली ते डोकं तुझ्या भाचीचं आहे.

झालं असं, की आम्हाला नवे साहेब आले. त्यांना आम्ही आकडेसाहेब म्हणतो, कारण मोजल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नसावेत. त्यांचं म्हणणं, कोडमध्ये जिथे जिथे 'असं असेल तर तसं कर' येतं तिथे एक वाट फुटते, आणि वाटा वाढल्या की वाचणारा चुकतो. (यात खोटं काही नाही बरं का.) मग वाटा मोजणारं एक साधन आलं. कोडच्या एकेका तुकड्यात, म्हणजे फंक्शनमध्ये, दहापर्यंत वाटा असल्या तर हिरवं, त्यापुढे लाल. तुझा आकडा निघाला सत्तेचाळीस! अख्खा पडदा असा लालभडक झाला की माझ्या शेजारी बसतो तो उंच पोरगा, आमचा 'लांबुडका', मॉनिटर बिघडला म्हणून तक्रार लिहायला बसला. आता तूच सांग, धुकं असेल तर जिन्याजवळचा दिवा आधी लाव, परीक्षा असतील तर शाळेच्या वाटेवरचा उशिरा मालव, तळ्याकाठी पाखरं अंड्यांवर बसली असतील तर तिथला मंद ठेव, हे सगळं एकाच लांबलचक फंक्शनमध्ये घातल्यावर दुसरं काय होणार? पण आत्या, वाचताना कसं वाटतं सांगू, तुझं बोट धरून गावभर हिंडून आल्यासारखं. मी तर दोनदा नुसतीच हिंडून आले आणि काम करायचं राहून गेलं.

शेवटी पदर खोचून बसले. (पदर नव्हता, पण आवेश तोच.) तुझ्या कोडचे बारीक बारीक तुकडे केले, एकेकाचा आकडा एक नाहीतर दोन. नावं द्यायची वेळ आली आणि नेमकी संध्याकाळ झाली. माझं संध्याकाळी काय होतं ते तुला ठाऊकच आहे, त्यामुळे नावं पडली 'अंधारतंय का', 'जरा थांबूया', 'तसं असेल तर' आणि 'बघू पुढे'. पडदा हिरवागार झाला. आकडेसाहेबांनी सगळ्यांना बोलावून माझं कौतुक केलं आणि मी तरंगतच घरी गेले. दुसऱ्या दिवशी लांबुडका शाळेजवळचा दिवा कुठे मालवतो ते बघायला माझ्या कोडमध्ये शिरला. 'अंधारतंय का'नं त्याला 'जरा थांबूया'कडे पाठवलं, तिथून 'तसं असेल तर'कडे, तिथे एकच ओळ, तीही पुढच्या दाराकडे बोट दाखवणारी. जेवणाची वेळ टळली तरी बाहेर पडेना. मी म्हटलं, सरक, सोपं आहे, आणि मग आम्ही दोघंही आत हरवलो. चाचणीत दिवे लागतात गं सगळे, अगदी वेळेवर. पण उद्या एखादा नाही लागला, तर का नाही ते शोधायचं कोणी?

हे साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी तोडगा काढला. येत्या सोमवारी बाहेरच्या जाणत्या माणसानं नवा कोड सगळ्यांसमोर वाचायचा. कळला, तर तुझा कोड कायमचा बंद. नाही कळला, तर तुझाच चालू राहील. जाणतं माणूस कोण ते ओघानं आलंच. ऑफिसचं रीतसर बोलावणं येईल, त्याला नाही म्हणू नकोस. जिना सावकाश चढ, मी खाली घ्यायला येते.

तुझी हिरवीगार भाची

ता. क. : आल्यावर फक्त "कळलं" म्हण. मान हलवलीस तरी चालेल. माझी बढती यावर अडली आहे, आणि बाबांनी ती शेजारीपाजारी जाहीरही करून टाकली आहे.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. वाचू नकोस. वाचला असशील तर विसर. आत्या, मी काहीही बिघडवलं तरी तू "छान झालंय गं" म्हणतेस. दोन्ही हात एकाच बाहीत जातील असं झबलं शिवलं होतं मी, त्यालाही म्हणालीस. या वेळी लाड करू नकोस, तुला माझी शपथ. सगळ्यांदेखत ठणकावून सांग, ओ की ठो कळलं नाही. बढती गेली खड्ड्यात. तुझा कोड माझ्या हातून गेला तर मला ते सोसायचं नाही. मग चार दिवस राहा, लाल आकडा कमी करायचा तर कुठे तोडायचं आणि कुठे हात लावायचा नाही, ते तुझ्या शेजारी बसून शिकेन.

ता. क. तिसरा : आणि चुकून नवा कोड तुला खरोखरच कळला, तर मला हळूच बाजूला घेऊन समजावून सांग. मला अजून कळलेला नाही.