‘मेला’ कोणी म्हणेना

बुऱ्हाणपूर, चैत्र वद्य पंचमी, दिवेलागण

आज पेन्शनीत निघालो. हार झाले, भाषणं झाली, मग पोरं म्हणाली, "गुरुजी, एक शेवटची चढाई." सारी उमर शाळेत हुतुतू शिकवला, नाही कसं म्हणणार? गेलो. आणि समोरच्यांच्या अंगणात दम सुटला. साफ सुटला! सगळ्यांनी ऐकलं. पंच होता दामोदर, माझाच चेला, उद्यापासून माझ्या जागी तोच. त्यानं ओरडायला हवं होतं, "मेला!" गप्प उभा राहिला. शाळाखात्याच्या डेप्युटी साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

बाजूला घेऊन विचारलं, "ऐकू नाही आलं?"

"आलं ना गुरुजी. पण आजच्या दिवशी तुम्हाला मेला कसं म्हणू?"

घरी हिला सांगितलं, तर म्हणते, "बरं केलं त्यानं. अभद्र कशाला बोलायचं?" वर माझी दृष्ट काढली.

अरे, खेळातलं मरण ते! दम सुटला की मेला, दुसरं काय शिकवलं मी? की उगाच चिडतोय? मेलेला गडी रेषेबाहेर बसतो. आपल्यांनी समोरचा एक मारला की जिवंत होऊन परत आत येतो.

मला कोणी मेला म्हटलंच नाही. आता परत आत कसा येणार?