माझ्या उत्तर बंदरात शिरलेल्या आरमाराविषयी

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे परत घेण्याचा हक्क राखून ठेवते.

आज मंगळवार, दुपारी बरोबर दोन वाजता, माझ्या हातात चहाचा कप असताना, तुझं आरमार माझ्या उत्तर बंदरात शिरलं. तक्रार कशी लिहावी हे आम्हाला कॉन्व्हेंटात शिकवलं होतं: आधी तारीख, मग वेळ, मग अपराध, आणि विशेषणं सगळ्यात शेवटी, उरलीच तर. माझी पुष्कळ उरली आहेत. पण कागद लहान आहे.

या खेळात मला तू ओढलंस. निवृत्त माणसाचं डोकं चालतं राहावं म्हणे. पाच जण, पाच राज्यं, कॉम्प्युटरवर एक नकाशा. आठवडाभर एकमेकांशी गोड बोलायचं, करार करायचे, आणि मंगळवारी दोन वाजता सगळ्यांचे हुकूम एकदम उघडले की कोण खोटं बोलत होतं ते कळायचं. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं हेच चालायचं, फक्त नकाशा नव्हता. म्हणून तर मी अट घातली की आपल्या दोघांचे करार कागदावर होतील आणि टपालानं जातील. तारेवरून गेलेलं बोलणं कुणीतरी ऐकतंच. सुपरवायझर म्हणून ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असायचे.

कलम चार तुझ्याच अक्षरात आहे, त्यामुळे ते वाचायला मला भिंग लागलं, पण वाचलं. करार मोडायचा तर सात दिवस आधी टपालानं लेखी नोटीस द्यायची. मला नोटीस आली नाही. आलं ते आरमार.

एकवेळ वकिलानं हे केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. त्याचं राज्य फेब्रुवारीतच बुडालं आणि तो अजून अपील करतोय. कर्नलनं केलं असतं तर कौतुक केलं असतं, कारण तो जन्मभर वाचनालयात होता आणि बंदूक त्यानं फक्त पुस्तकाच्या कव्हरवर पाहिली आहे. ते पाचवं, घुबड नावानं खेळणारं, कोण आहे कुणालाच ठाऊक नाही, पण तेसुद्धा माझ्याशी सभ्यपणे वागतं. दर आठवड्याला माझ्या गुडघ्याची चौकशी करतं. सख्ख्या भावाला मात्र माझं बंदर दिसलं.

आणि पैज काय आहे, तेही पुन्हा लिहिते, कारण सोयीचं तेवढंच लक्षात ठेवण्याची तुझी जुनी सवय आहे. तुझं राज्य आधी बुडालं तर तू लेखी माफी मागायची. आई आजारी असताना हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, सगळ्या नातेवाइकांसमोर, तू म्हणाला होतास की ताई म्हणजे नुसती फोनवरची मुलगी आहे. त्या वाक्याची माफी. माझं राज्य आधी बुडालं तर मी तुझ्याकडे आठ दिवस राहायला यायचं आणि तो विषय जन्मात काढायचा नाही. अकरा वर्षं मी तुझा उंबरा ओलांडलेला नाही. चोरून शिरलेल्या चार बोटींच्या जोरावर तो ओलांडून घेशील, असं समजू नकोस.

खुलासा पाठव. लोभ आहेच, तो सध्या तहकूब समज.

तुझी
ताई


१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. विशेषणं नसतानाही पोचली.

नोटीस मी सहा तारखेला लिहिली. प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहिली हे कबूल, कारण दवाखाना बंद केला तरी ते पॅड संपत नाही. पण लिहिली, पाकिटात घातली आणि पाकीट टेबलावर टपालाच्या जागी ठेवलं. चाळीस वर्षं मी लोकांना दुखणार नाही म्हणून सांगितलं आणि दात उपटले, तेवढं खोटं माझ्या नावावर आहे. कलम चारच्या बाबतीत नाही.

त्या पत्रात नोटिशीखेरीज आणखीही काही होतं. मी आठ दिवस उत्तराची वाट पाहिली. कॉम्प्युटरवरसुद्धा तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी समजलो की तुला त्यावर काही बोलायचं नाही. मग बंदर उघडं दिसलं. मला वाटलं की नोटीस मिळूनही तू ते मुद्दाम उघडं ठेवलंस, म्हणजे मी शिरलो की दगाबाज ठरेन आणि तुला आणखी अकरा वर्षांचा दारूगोळा मिळेल. तेव्हा शिरलो.

आता तू म्हणतेस की पत्र मिळालंच नाही. तू काहीही असशील, पण खोटं बोलणारी नाहीस. त्यामुळे मला जरा घाबरल्यासारखं झालं आहे.

लोभ असावा, बंदर असो वा नसो.

तुझा
धाकटा


२० मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

तुला खेळातलं काही कळत नाही हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी तुझा हेवा करते. एवढंच सांग. सहा तारखेला तुझ्या नवऱ्यानं मला लिहिलेलं एखादं पाकीट तुमच्या घरातून बाहेर पडलं का? तो म्हणतो पडलं. दात काढणारा माणूस काय म्हणतो याला मी फारशी किंमत देत नाही, पण या वेळी त्याचं पत्र वाचून मला तो खरं बोलतोय अशी शंका आली. वयामुळे असेल.

तू लोकर विणत बसलेली असतेस आणि घरातलं सगळं तुझ्या नजरेखालून जातं. म्हणून तुलाच विचारते. आणि त्याला सांगू नकोस.

लोभ वाढतोय, तुझ्यापुरता.

ताई


२३ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कृपा करून बसून वाचावं.

पाकीट घरातून बाहेर पडलं नाही. माझ्या पर्समध्ये होतं. ह्यांचं अक्षर फक्त औषधवाल्याला कळतं, म्हणून ह्यांच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता मी घालते. पत्ता घालायच्या आधी आतलं वाचते आणि मग पाकीट चिकटवते. तुमची येणारी पत्रंही मीच उघडून ह्यांच्या पुढ्यात ठेवते. तुमचे सगळे करार मी जाताना वाचले आणि येतानाही वाचले. मला कुणी कधी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

घुबड मी आहे.

जानेवारीत हे पाचवा भिडू शोधत होते. वकिलांना फोन झाला, कर्नलना झाला, कुणा ओळखीच्याच्या व्याह्यांना झाला. मी समोरच बसले होते. दुसऱ्या दिवशी मी त्या साइटवर खातं उघडलं आणि ह्यांनी मला मोठ्या आनंदानं घेतलं. जेवताना सांगत होते की कुणी फार हुशार माणूस मिळाला आहे. मी भाजी वाढली.

ह्यांची नोटीस मी का अडवली ते सरळ सांगते. ती पोचली असती तर तुम्ही सैन्य बंदराकडे वळवलं असतं, हे मागे फिरले असते आणि पुन्हा तह झाला असता. तुम्ही दोघं एकमेकांना भिडलात की मधले दोन किल्ले उघडे पडणार होते. ते मी मंगळवारी घेतले. तुम्ही पाहिलंच असेल. आता माझ्याकडे तेरा आहेत आणि तुम्हा दोघांकडे मिळून नऊ. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, आणि किल्ले मी परत देणार नाही.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. नोटीस वाचली तेव्हा मला नुसते किल्ले दिसले. मी कागद उलटून पाहिलाच नाही. तुमचं पत्र आज आलं, तेव्हा पर्समधून काढून पुन्हा वाचायला घेतलं आणि मागची बाजू दिसली. मूळ कागद सोबत पाठवते. ह्यांचं अक्षर तुम्हाला लागणार नाही म्हणून ओळी खाली उतरवून देते:

“ताई, पैजेचं काय व्हायचं ते होवो. आईची कवळी मी स्वतः केली होती, पण दिवसभर ती वाटीतच पडलेली असायची. तुझा फोन अकराला यायचा आणि ती दहापासून कवळी लावून बसायची, तुला शब्द नीट ऐकू यावेत म्हणून. चोवीस तास समोर मी असायचो आणि दात ती तुझ्यासाठी लावायची. त्याचा मला राग होता. तो पॅसेजमध्ये बाहेर पडला. माझं चुकलं.”

ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते रोज टपालाच्या वेळेला दारात जाऊन उभे राहतात.

तुमचा गुडघा कसा आहे? हे मी नेहमी खरंच विचारत होते.

लोभ आहे तसाच ठेवावा, किल्ले गेले तरी.

तुमची
वहिनी


२७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

हे पत्र तुझ्या आधी तुझी बायको वाचेल. वहिनी, वाच आणि लगेच त्याच्या हातात दे. पर्समध्ये जागा असली तरी.

आता तू बस. घुबड तुझ्या घरातच आहे. ते तुला दोन वेळा जेवायला वाढतं, तुझ्या पाकिटांवर पत्ते लिहितं, आणि तुझी सहा तारखेची नोटीस त्यानंच अडवून ठेवली होती. तुझा हुशार माणूस तो हाच. तारेवर भरवसा नाही म्हणून मी आपलं सगळं राजकारण कागदावर आणलं आणि ते नेमकं तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं. चौतीस वर्षांचा अनुभव असल्याशिवाय इतकी मोठी चूक करता येत नाही. आरमाराबद्दल तुला दगाबाज ठरवलं, ते मागे घेते. आरमार मात्र तू मागे घे.

तुझ्या मागच्या बाजूच्या ओळी मी वाचल्या. आधी तिच्या अक्षरात वाचल्या आणि मग भिंग घेऊन तुझ्या. त्यानंतर मी सगळी भांडी घासली. ती सकाळी घासून झालेली होती.

आईचा आवाज मला कायम अगदी स्पष्ट यायचा. ती आमच्या लाइनची करामत आहे असं मी समजत होते. एकदा तसं सगळ्या स्टाफसमोर म्हणालेही होते, आमचं काम किती चोख आहे ते सांगताना. कवळी वाटीत असायची हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगणारा माणूस एकच होता, ज्याच्याशी मी बोलत नव्हते.

पैज अजून कुणीच हरलेलं नाही. तुझे पाच किल्ले आहेत, माझे चार. तेव्हा माफी मागायला तू बांधील नव्हतास आणि तुझ्या घरी यायला मी बांधील नाही. तरी शनिवारी, आठ एप्रिलला, सकाळच्या गाडीनं येते आहे. आठ दिवस राहीन. याचा अर्थ मी हरले असा काढू नकोस. घुबडाला पाडायचं तर आपण दोघांनी एकत्र यायला हवं, आणि आपल्याला पत्रानं कट करता येत नाही, फोनवर मी करणार नाही. समोरासमोर बसूनच करावा लागेल, ती दुकानात गेली की. वहिनी, तू दुकानात जात जा.

आता अटी. मला तुझं लेखी उत्तर हवं: उत्तर बंदरातलं आरमार कोणत्या मंगळवारी बाहेर पडतं, आणि मागच्या बाजूच्या ओळी पुन्हा एकदा, वेगळ्या कागदावर, पुढच्या बाजूला, वर कुठलंही युद्ध पुकारलेलं नसताना. त्या मला ठेवायच्या आहेत आणि प्रिस्क्रिप्शनवर ठेवता येत नाहीत. पाकिटावर पत्ता तू स्वतः घाल, पोस्टमनला वाचता येईल असा, आणि पेटीत तूच टाक. पाकीट मंगळवार, ४ एप्रिल, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. दोन वाजता हुकूम उघडतात, आणि तोवर पडलं नाही तर माझी उरलेली सगळी सैन्यं त्या दिवशी दक्षिणेकडे निघालेली दिसतील.

तहकूब केलेला लोभ पुन्हा चालू केला आहे. उत्तर येईपर्यंत.

तुझी
ताई