हॉल साउंडप्रूफ करण्याबाबत

१२ एप्रिल
वरच्या मजल्यावर गुरुदत्तकडे पुन्हा नाच. चुलतभाऊ म्हणून आजवर सोसलं. त्याच्या मुलीचं, अंकिताचं लग्न, म्हणून रोज संध्याकाळी पोरी स्पीकर लावून उड्या मारतात. पार्किंगमध्ये सांगायला गेलो तर चारचौघांत म्हणाला, "दादा, एवढा तरास होतो तर कानान बोळे घाला." लोक हसले. बीपीची गोळी घेतली.

१३ एप्रिल, सकाळ
सूड ठरला. भावकीत थोरला मी. आमच्यात पहिली हळद थोरल्यानं लावायची. आदल्या दिवशी गुरुदत्त जोडीनं नारळ घेऊन बोलवायला येणारच. तेव्हा तोंडावर सांगायचं, कानात बोळे आहेत, ऐकू येत नाही. आरशासमोर छान जमतं.
तोवर हॉल साउंडप्रूफ करायचा. डोकं शांत असल्याशिवाय सूड नीट होत नाही. मोबाइलवर सगळं दाखवतात. इंजिनिअर कशाला?

१६ एप्रिल
अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतींना आणि छताला चिकटवले. चंद्रावती म्हणते, घराचं खुराडं केलं. बायकोला सायन्स कळत नाही.

१७ एप्रिल
छतावरचा एक ट्रे चहात पडला. खिळे मारले. ठोकाठोकीचा त्रास होतो, असा वरून निरोप आला. बरं वाटलं.

२० एप्रिल
खिडक्यांना थर्माकोल, दाराला आतून गोधडी, फटींना रबरपट्टी. बेलची वायर काढली. बेल म्हणजे आवाजच. आता हॉलमध्ये टाळीसुद्धा घुमत नाही. नाचाचा दणका येतोच, पण तो स्लॅबचा दोष.

२४ एप्रिल
चंद्रावती दिवसभर वर लाडू वळते. फितूर.

२६ एप्रिल, दुपार
उद्या हळद. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून दारासमोर बसलोय. बोलणं खरं वाटावं म्हणून कानात कापूसही घातला. अजून कोणी नाही. घाबरला असणार.

संध्याकाळ
चंद्रावतीनं किल्लीनं दार उघडलं. कापूस काढायला लावला.
"सकाळी दोघा नवराबायको दारान उभी होती," म्हणाली. "किती हाका मारल्या. तुमी उघडलाच नाय. मग आपटा गावच्या काशिरामभावजींना नारळ दिला."
काशिराम माझ्याहून लहान आहे.

२७ एप्रिल
हळद लागली. डीजे छतातून स्वच्छ ऐकू येतोय. गोधडी काढली. खिडक्या उघडल्या. जेवायला तरी हाक मारतील.
बेलची वायर कुठे ठेवली, सापडत नाही.